कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरचे नागपूर

वृत्तपत्राचा जुना अंक वाळवीने खाल्ला, तरी त्याची दुसरी प्रत एखाद्या ग्रंथालयात किंवा कोणा हौशी वाचकाच्या माळ्यावर सापडण्याची आशा असते. दूरचित्रवाणीवरील बातमीला असे दुसरे आयुष्य क्वचितच लाभते. ती एकदा दिसते आणि विरून जाते. ज्या फितीवर ती टिपलेली असते, ती फीतही अनेकदा पुढच्या बातमीसाठी पुसली जाते. नागपुरात दूरचित्रवाणीसाठी बातम्या गोळा करणाऱ्यांची पहिली पिढी आता निवृत्त होऊ लागली आहे, किंवा त्या व्यवसायातून केव्हाच बाहेर पडली आहे. या मंडळींच्या आठवणी मित्रांच्या बैठकीत रंगतात, एखाद्या स्मरणिकेत त्रोटकपणे छापल्या जातात आणि पुढे विसरल्या जातात. त्या केवळ व्यवसायातील गमतीजमती असत्या, तर त्यांच्या विस्मरणाचे दुःख मानण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या प्रदेशाच्या अर्वाचीन इतिहासाचा चित्ररूप पुरावा जपण्याची जबाबदारी कोणावरच टाकलेली नाही, तेथे माणसांच्या स्मरणालाच दस्तऐवजाचे मोल येते.

संदेशांचे शहर

नागपूरचे भौगोलिक स्थान असे, की देशाचे निरोप या शहरावरून जावेत. १९४९ साली रात्रीची विमानडाक सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांकडून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. पुढे १९८८ साली आकाशवाणीने आपली रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी सुरू केली ती नागपूरच्या एक हजार किलोवॉट क्षमतेच्या प्रक्षेपकावरून. ही वाहिनी आता बंद झाली आहे. परंतु तीन दशके देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचणारा आवाज या शहरातून निघत होता.

तथापि निरोप नागपूरवरून जाणे वेगळे आणि नागपूरचा निरोप इतरत्र पोहोचणे वेगळे. भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १९५९ मध्ये दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शिक्षणाचा जो सुप्रसिद्ध प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला, त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने प्रक्षेपकांचे जाळे वाढू लागले आणि ऐंशीच्या दशकात विदर्भातील घराघरांच्या छपरांवर अँटेना उभ्या राहिल्या. कालांतराने मुंबई केंद्राच्या मराठी बातम्याही येथे दिसू लागल्या. त्या वाचणारे विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, प्रदीप भिडे यांचे चेहरे आणि आवाज घरच्या माणसांसारखे परिचित झाले. मेहेंदळे २०२१ मध्ये आणि भिडे २०२२ मध्ये निवर्तले, तेव्हा महाराष्ट्राने हळहळून त्यांचे स्मरण केले, आणि ते योग्यच होते. परंतु त्यांच्या ओठी आलेली विदर्भातील बातमी ज्याने उन्हातान्हात हिंडून आणली, त्याचे नाव प्रेक्षकाला तेव्हाही ठाऊक नव्हते आणि आजही नाही. वाचणारा स्मरणात राहतो, आणणारा विसरला जातो, हा या माध्यमाचा जणू स्वभावधर्मच आहे.

फितीचा प्रवास

त्या काळच्या बातमीदाराच्या आठवणी ऐकताना आजच्या तरुणाला सर्वांत आश्चर्य वाटते ते वजनाचे आणि अंतराचे. कॅमेरा एकाच्या खांद्यावर, ध्वनिचित्रमुद्रक दुसऱ्याच्या खांद्यावर आणि दोघांना जोडणारी केबल मध्ये, अशा अवस्थेत मोर्च्याबरोबर धावावे लागे. एक अडखळला की दुसरा पडलाच. दिवे, बॅटऱ्या आणि तिकाटणे यांचा संसार निराळाच. इतके करून चित्रण झाले, तरी ते बातमी होत नसे. ती फीत स्टुडिओपर्यंत पोहोचायची असे. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ येथून निघालेली फीत एस.टी.च्या वाहकाच्या हाती सोपवायची, नागपूरच्या बसस्थानकावर ती उतरवून घ्यायची, आणि तेथून विमान मिळाले तर विमानाने, नाही तर रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने मुंबईस रवाना करायची, असा हा प्रवास. नागपूर आणि मुंबई यांच्यामध्ये रेल्वेचे आठशेहून अधिक किलोमीटर आहेत. सकाळी घडलेले मुंबईतील आंदोलन संध्याकाळी दिसे. गडचिरोलीतील आंदोलन दिसलेच तर दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी. तोवर ते शिळे झालेले असे. शिळे म्हणून वगळले गेले तर त्यात कोणाचा दुष्ट हेतू असे नव्हे. अंतरच संपादकाचे काम करी.

खासगी वाहिन्या आल्या, तेव्हा हे अंतर मिटेल अशी अपेक्षा होती. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आणि २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ सुरू झाली. जिल्ह्याजिल्ह्यांत प्रतिनिधी नेमले गेले, तालुक्यांच्या गावांची नावे पडद्यावर दिसू लागली. परंतु ‘ई टीव्ही’च्या बातम्या वाचल्या जात त्या हैदराबादजवळील रामोजी फिल्म सिटीतून. नागपूरची बातमी नागपूरकरांना दिसण्यापूर्वी तेलंगणाची वारी करून येई. स्थळ बदलले, निवड करणारा दूरच राहिला.

या दूरस्थ निवडीचा सर्वांत सूक्ष्म परिणाम भाषेवर झाला. कापसाच्या भावाविषयी वऱ्हाडी बोलीत पाच मिनिटे तळमळून बोलणाऱ्या शेतकरी स्त्रीचा ‘बाईट’ दहा सेकंदांवर आणायचा असे. मग जे वाक्य प्रमाण मराठीच्या जवळपासचे, ते राहत असे. जे तिच्या रक्तामांसाचे, ते जात असे. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्याची तर गतच नव्हती; त्याचे ओठ हलताना दिसत आणि आवाज निवेदकाचा ऐकू येई. कापलेली चार मिनिटे पन्नास सेकंद कोणत्या शब्दांची होती, हे ज्याने ती ऐकली त्या बातमीदारालाच ठाऊक. त्याच्या पश्चात ते कोणालाच ठाऊक असणार नाही.

जे दिसले आणि जे दिसले नाही

नागपूर करारानुसार राज्य विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. १९६० पासून चालत आलेली ही प्रथा शहराला डिसेंबरच्या आगेमागे काही आठवडे राजधानीचे रूप देते. मुंबईहून येणाऱ्या मंडळींसाठी ते थंडीचे, संत्र्यांचे आणि हुरड्याचे दिवस. स्थानिक बातमीदारासाठी ते मोर्च्यांचे दिवस. यशवंत स्टेडियमपाशी जमायचे, विधानभवनाच्या दिशेने निघायचे आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांनी अडवायचे, हा मोर्च्यांचा ठरलेला परिपाठ. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातींत समावेशाची मागणी घेऊन आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्च्यात याच परिसरात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया आणि मुले यांची संख्या मोठी होती. खासगी वाहिन्यांचे वार्तायुग तेव्हा उजाडायचे होते. आज त्या ठिकाणी स्मारक आहे, जवळच्या उड्डाणपुलाला त्या हुतात्म्यांचे नाव आहे. गोवारींच्या मागणीवर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये अनुकूल निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २०२० मध्ये रद्द ठरवला. म्हणजे सव्वीस वर्षांनंतरही हा प्रश्न न्यायालयांसमोर होता. त्या सायंकाळी गर्दी कोठून दाबली गेली, कठडे कसे होते, मदत केव्हा पोहोचली, हे ज्यांनी कॅमेऱ्यातून किंवा कॅमेऱ्याशिवाय पाहिले, त्यांच्या साक्षीची किंमत यावरून कळावी.

२००६ हे एकच वर्ष तपासले तरी स्थानिक बातमीदाराच्या स्थितीचे सारे पैलू लक्षात येतात. १ जून रोजी पहाटे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयावर हल्ल्याचा प्रयत्न झाला आणि तिन्ही हल्लेखोर पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. सारा देश त्या दिवशी नागपूरकडे पाहत होता. १ जुलै रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. पुन्हा सारे कॅमेरे नागपुरात. मात्र पंतप्रधान येण्यापूर्वी काय स्थिती होती, याचे मार्मिक चित्र पत्रकार पी. साईनाथ यांनी वारंवार मांडले आहे. त्याच वर्षी मुंबईतील फॅशन सप्ताहाच्या वृत्तांकनासाठी ५१२ पत्रकार अधिस्वीकृत होते. तेथे सुती वस्त्रांचे प्रदर्शन चालले होते आणि तो कापूस पिकवणारा माणूस विमानाने तासाभराच्या अंतरावर जीव देत होता. त्याच्याकडे फिरकणारे बाहेरचे पत्रकार मात्र बोटांवर मोजण्याइतके. यवतमाळ-वर्ध्याच्या ओसरीवर त्याआधी वर्षानुवर्षे जो बसत होता, तो मुख्यतः स्थानिक बातमीदारच होता.

परंतु स्थानिक बातमीदाराच्या बाजूनेच सारा हिशेब लागतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, विजयादशमी होती, आणि ती धम्मचक्र प्रवर्तनाच्या सुवर्णमहोत्सवाची विजयादशमी होती. दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय लोटला होता. शहरात कॅमेऱ्यांची वाण नव्हती. तरीही खैरलांजीच्या घटनेला तिच्या भीषणतेला साजेसे स्थान प्रसारमाध्यमांत मिळण्यास सुमारे महिना उलटावा लागला. नोव्हेंबरमध्ये विदर्भातील शहरांतून निदर्शने पेटली तेव्हा कोठे वाहिन्यांचे लक्ष तिकडे वळले. प्रेक्षकांना खैरलांजी म्हणून जे दिसले ते मोठ्या प्रमाणावर निदर्शनांचेच चित्र होते.

असे का झाले? दृश्य नसेल तर बातमी नाही, हा दूरचित्रवाणीचा दंडक आड आला काय? जिल्ह्यातून आलेली पहिली खबर कोणी कोणत्या शब्दांत कळवली, ती ‘गावातील भांडण’ म्हणून बाजूला टाकली गेली काय, जातीचा उल्लेख कोठे गळाला? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही फितीवर नाहीत, कारण जे चित्रित झाले नाही त्याची फीत नसते. ती उत्तरे त्या महिन्यात दूरध्वनी उचलणाऱ्या, गाडी मागणाऱ्या, नकार ऐकणाऱ्या आणि स्वतःही कदाचित दुर्लक्ष करणाऱ्या माणसांपाशीच आहेत. फीत सांगते ती चौकटीत काय होते ते. चौकटीबाहेर काय राहिले, हे सांगतो बातमीदार. त्याच्या आठवणींचे खरे महत्त्व येथे आहे.

आणि २०१५ सालचे नेमके उलटे उदाहरण पाहावे. ३० जुलै रोजी सकाळी याकूब मेमनला नागपूर मध्यवर्ती कारागृहात फाशी देण्यात आली. आदल्या रात्री सर्वोच्च न्यायालयात पहाटेपर्यंत सुनावणी चालली होती आणि वर्धा मार्गावर कारागृहाबाहेर ओबी व्हॅन्सची रांग लागली होती. आत काय चालले आहे हे बाहेर कोणालाही दिसत नव्हते. तरीही बोलणे थांबवता येत नव्हते. देशाने त्या रात्री नागपुरातून एका भिंतीचे थेट प्रक्षेपण पाहिले. पुढे या प्रकरणाच्या वृत्तांकनाबद्दल तीन वाहिन्यांना केंद्र सरकारच्या नोटिसाही गेल्या. १९९४ मध्ये पाहण्यासारखे सर्व काही होते आणि दाखवण्याचे साधन नव्हते. २०१५ मध्ये साधने उदंड होती आणि पाहण्यासारखे काहीच नव्हते. या दोन टोकांच्या दरम्यान ज्यांचे उमेदीचे आयुष्य गेले, ती ही पिढी आहे.

नव्वद दिवसांची मुदत

या पिढीने जमवलेल्या चित्रांचे पुढे काय होते? खासगी वाहिन्यांना परवानगी देताना सरकार जी मार्गदर्शक तत्त्वे लागू करते, त्यांनुसार प्रसारित झालेल्या मजकुराचे मुद्रण वाहिनीने नव्वद दिवस जपणे बंधनकारक आहे. हेतू असा, की तक्रार आली तर पाहता यावे. एक्क्याण्णवाव्या दिवशी ते पुसले, तरी कायद्याने कोणी विचारणार नाही. पुस्तकाची गोष्ट निराळी. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य ठरावीक ग्रंथालयांस पाठवाव्या लागतात. १९५६ मध्ये वृत्तपत्रेही त्या कक्षेत आली. छापील शब्दाला जी कायद्याची सावली मिळाली, ती चलच्चित्राला मिळाली नाही. बातमीदाराचेही तसेच. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्तपत्रांतील पत्रकारांना काही संरक्षण दिले. दूरचित्रवाणीचा बातमीदार त्याच्या व्याख्येत नव्हता. जिल्ह्यांतील अनेकांना तर बातमीमागे पैसे मिळत. बातमी लागली नाही तर पेट्रोलही पदरचे. अशा माणसाने पदरमोड करून फितींची साठवण करावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

फीत पुसून पुन्हा वापरण्याचा हा रोग केवळ गरीब संस्थांचा नाही. चंद्रावर मानवाने पहिले पाऊल ठेवले, त्या क्षणाच्या मूळ दूरचित्रवाणी संदेशाच्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष खुद्द अमेरिकेच्या ‘नासा’ने २००९ मध्ये काढला. बी.बी.सी.नेही आपल्या अनेक जुन्या कार्यक्रमांच्या फिती अशाच गमावल्या. परंतु तेथे चूक उमगल्यावर उपायही झाले. अमेरिकेत नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट १९६८ पासून राष्ट्रीय वाहिन्यांच्या सायंकालीन बातम्या रोज मुद्रित करून ठेवण्यास आरंभ केला. फ्रान्सने सत्तरच्या दशकात नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या संग्रहासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभारली आणि १९९२ मध्ये पुस्तकांप्रमाणे प्रक्षेपित कार्यक्रमांचीही नोंदप्रत देणे कायद्याने आवश्यक केले. आपल्याकडे प्रसारभारतीने दूरदर्शन आणि आकाशवाणीचा जुना ठेवा जपण्याचे काम हाती घेतले आहे, हे स्वागतार्ह होय. पण खासगी वाहिन्या आणि शहरोशहरी चाललेली केबल वृत्ते त्या छत्राखाली येत नाहीत. आणि विदर्भाचे अलीकडचे पंचवीस वर्षांचे जीवन मुख्यतः तेथेच टिपले गेले आहे.

शिवाय काळ थांबत नाही. चुंबकीय फीत दमट हवेत, उष्म्यात खराब होते; नागपूरचा उन्हाळा तिला मानवणारा नाही. फीत टिकली तरी ती वाजवणारे यंत्र हवे. सोनी कंपनीने आपल्या बीटाकॅम यंत्रांची विक्री २०१६ मध्ये थांबवली. युनेस्कोच्या पुढाकाराने २०१९ मध्ये जगभर इशारा देण्यात आला, की २०२५ च्या सुमारास अशा फिती वाजवण्याची साधने आणि कौशल्य दोन्ही दुर्मीळ होतील. ती मुदत आता भरली आहे. एखाद्या निवृत्त कॅमेरामनच्या कपाटातील खोक्यात पडलेली फीत अजून जिवंत असेलही. पण तिच्यावर काय आहे, हे सांगणारा माणूस गेला, तर तिला वाचा फुटणार नाही. लेबल पुसटलेल्या फितीवरचा मोर्चा कोणता, वर्ष कोणते, पुढे चालणारी ती स्त्री कोण, हे तोच सांगू शकतो.

आठवणींची पारख

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की माणसाची आठवण विश्वसनीय नसते. ती काळाबरोबर रंगते, सांगणाऱ्याला नायक बनवते. आक्षेप खरा आहे. म्हणूनच आठवण एकट्याने पुराव्यास बसवू नये. एका बातमीदाराचे कथन दुसऱ्याच्या कथनाशी, त्याच तारखेच्या वृत्तपत्राशी, विधिमंडळाच्या कामकाजाशी आणि न्यायालयीन कागदांशी ताडून पाहावे. हे काम इतिहासाच्या अभ्यासकांना नवे नाही. बखरीही याच रीतीने तपासल्या गेल्या. मात्र पारखायला आधी नाणे हाती असावे लागते.

दुसरा आक्षेप असा, की आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. मग जुन्या फितींचे आणि जुन्या बातमीदारांचे कौतुक कशाला? २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा शेकडो नागरिकांनी ते आपापल्या मोबाइलवर टिपले, हे खरेच. पण ती चित्रे आज कोठे आहेत? फोन बदलला, चित्र गेले. कोणते चित्र कोणत्या गल्लीतले आणि किती वाजताचे, याची नोंद नाही. विपुलता म्हणजे जतन नव्हे. नागपूर जिल्ह्यातील मोवाड १९९१ च्या जुलैमध्ये वर्धा नदीच्या पुरात बुडाले आणि २०४ माणसे गेली, त्या वेळी कॅमेरे मोजके होते. आज ते अगणित आहेत. तरीही पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला दोन्ही महापुरांची साधने सारखीच दुर्मीळ वाटली, तर ते लाजिरवाणे ठरेल.

मग करावे काय? प्रारंभ फार मोठ्या निधीवाचूनही होऊ शकतो. नागपूर विद्यापीठात जनसंवादाचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका जुन्या दूरचित्रवाणी बातमीदाराची, कॅमेरामनची किंवा फीत पोहोचवणाऱ्या साहाय्यकाची सविस्तर मुलाखत ध्वनिमुद्रित करावी, आणि ती तारीखवार नोंदींसह विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवली जावी. १९३४ पासून काम करणारे विदर्भ संशोधन मंडळ आणि १९२३ पासूनचा विदर्भ साहित्य संघ यांसारख्या संस्थांनी खासगी कपाटांतील फितींची निदान यादी करण्याचे आवाहन करावे. वाहिन्यांनी नव्वद दिवसांनंतर जे नकोसे होते, त्यांतील प्रादेशिक बातम्यांची प्रत अशा संग्रहास द्यावी. आणि राज्य शासनाने पुस्तकांप्रमाणे प्रक्षेपित वृत्तांच्या नोंदप्रतीचा आग्रह केंद्राकडे धरावा. १८६३ साली ज्या शहराने अजब बंगला उभारून दगड, नाणी आणि शस्त्रे जपण्याची दृष्टी दाखवली, त्याला हे अवघड वाटू नये.

मुलाखतकाराने एक पथ्य मात्र पाळावे. ‘तुमची गाजलेली बातमी कोणती?’ या प्रश्नावर थांबू नये. ‘कोणती बातमी देता आली नाही, आणि का?’ हे अवश्य विचारावे. गाजलेल्या बातमीची आठवण अनेकांना असते; न दिलेल्या बातमीची आठवण एकट्यालाच असते, आणि तिच्यात अनेकदा अशा माणसांची हकीकत दडलेली असते ज्यांना कोणत्याच चौकटीत कधी जागा मिळाली नाही.